बाराची घंटा आणि आत्यांची रिंग

“अवेळी घंटा वाजली तर ऐकत बसायचं नसतं गं पोरी, उठून बघायला जायचं असतं. तुमच्या त्या फोनच्या रिंगलाही हाच नियम लाव.”

ब्लाझेना आत्या हे म्हणाल्या तेव्हा मी माझ्या लेकीच्या, मादलेन्काच्या टोपीचे बंद बांधत होते आणि बंद फार आवळला गेला की काय या चिंतेत होते. मी हसले. म्हटलं, “आत्या, फोन म्हणजे काय चॅपलमधली घंटा आहे?”

“नाही कशी? तुझा तो शब्द आला कुठून मग?” असं म्हणून त्यांनी डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि कोंबड्या कोंडायला निघून गेल्या.

आत्या माझ्या नवऱ्याच्या, हिनेकच्या. वय अठ्ठ्याहत्तर. गावाच्या वरच्या टोकाला एकट्या राहतात आणि टेकडीवरच्या चॅपलची घंटा रोज बारा वाजता त्याच वाजवतात. आधी त्यांचे वडील वाजवायचे. आम्ही खालच्या टोकाला, जुन्या शाळेच्या माडीवर राहतो. मी बाळंतपणाच्या रजेवर आहे, आणि आमच्याकडे ही रजा इतकी लांबते की बायका मधल्या काळात एखादा उद्योग शोधतातच. माझा उद्योग म्हणजे बोलीभाषेच्या एका कोशासाठी नोंदी लिहिणं. लेक निजली की एक शब्द, लेक उठली की शब्द बंद.

त्या सप्टेंबरात माझ्या वाट्याला ‘प्रोझ्वोनित’ हे क्रियापद आलं होतं. फोन लावायचा, पलीकडे एकदा वाजू द्यायचा आणि समोरच्याने उचलायच्या आत ठेवून द्यायचा, ह्या एवढ्या सगळ्या उपद्व्यापाला आमच्या भाषेत हा एकच शब्द आहे. तुम्ही मिस्ड कॉल देता, तसंच. पोचले, निघाले, खाली ये, मला उलटा फोन कर, तुझी आठवण आली, यातलं काय ते ज्याने त्याने ओळखायचं. उचलायचा मात्र नाही. उचलला की पलीकडच्याचे पैसे जातात, आणि तो अपमानच समजला जातो.

आत्या रोज संध्याकाळी कोंबड्या कोंडल्या की आम्हाला एक रिंग द्यायच्या. अर्थ असा, की कोंबड्या आत, मी आत, दार लावलं, सगळं ठीक. लग्न होऊन मी नवीन आले होते तेव्हा एकदा घाबरून उचलला होता. “काय झालं आत्या?” विचारलं, तर पलीकडून, “आता झालं! तू उचललास हे झालं!” तो आठवडाभर त्या मला ‘श्रीमंतांची सून’ म्हणत होत्या.

शब्दाच्या उगमावरून घरात दोन पक्ष होते. ‘झ्वोन’ म्हणजे घंटा, ‘झ्वोनित’ म्हणजे वाजणं, आणि पुढचा ‘प्रो’ म्हणजे आरपार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे शब्द घंटेचा, आणि घंटा आत्यांची, म्हणून शब्दही आत्यांचा. हिनेक वायरमन आहे. त्याला हे मुळीच मान्य नव्हतं.

“मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून आम्ही तारा प्रोझ्वोनित करतोय,” तो म्हणायचा. “भिंतीतून गेलेली तार मधे तुटलीय का ते बघायचं. त्या टोकाला एकजण तार जोडून धरतो, या टोकाला मी मीटर लावतो. वाजलं म्हणजे तार शाबूत. फोनवाल्यांनी शब्द आमच्याकडून चोरला. लिही तसं कोशात.”

“आणि तुमच्या लोकांनी कुणाकडून चोरला?” आत्या विचारायच्या. “मीटर वाजतं कसं? घंटेसारखं!”

मी दोन्ही लिहून ठेवलं. रूपंही लिहिली. प्रोझ्वोनीम, प्रोझ्वोनीश, प्रोझ्वोनी, प्रोझ्वोनीमे, प्रोझ्वोनीते, आणि शेवटी पुन्हा प्रोझ्वोनी. म्हणजे ती एकटी वाजवो नाहीतर अख्खा गाव वाजवो, रूप तेच. मादलेन्काला या रूपांनी इतकी छान झोप लागायची की मी अंगाईगीतं सोडूनच दिली होती. आणखी एक गंमत म्हणजे या क्रियापदाला चालू वर्तमानकाळ नाही. ‘प्रोझ्वोनीम’ म्हणजे ‘रिंग देईन’. ‘देतेय’ म्हणायचं तर त्याचं दुसरं भावंड, जोडीचं क्रियापद, बोलवावं लागतं. हे आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “बरोबरच आहे. एका रिंगला कसला आलाय चालू काळ? चालू म्हणेपर्यंत संपली!”

तर त्या शनिवारी आत्या बसने यिहलावा शहरात जायच्या होत्या. त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीचा, ओटीलियेबाईंचा वाढदिवस होता. बदक भाजलं जाणार होतं. आत्यांनी खसखशीचा केक केला होता, स्कर्टला इस्त्री केली होती, आणि बाराची घंटा त्या दिवसापुरती अंब्रोझकाकांवर सोपवली होती. अंब्रोझकाका गावातले विधुर, आत्यांच्याच वर्गातले. घंटेला मोटर बसवावी असं त्यांचं म्हणणं, आणि ते हे म्हणणं आत्यांसमोर मुद्दाम काढतात.

“ओढायची हळू,” आत्यांनी त्यांना आमच्या अंगणात बजावलं. “गाय ओढतोस तसं नाही.”

“अगं, मोटर बसवली असती तर कुणीच ओढलं नसतं.”

“आणि तुलाही मोटर बसवली असती तर तुझ्या बायकोचं आयुष्य सुखात गेलं असतं. चावी सांभाळ. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. हरवलीस तर बघ.”

माझ्या काळजीचं म्हणाल तर ती मला जन्मजात आहे, पण लेक झाल्यापासून तिला धरबंध राहिला नव्हता. मादलेन्का फार वेळ झोपली की मी तिच्या नाकाशी करंगळी धरायची. कमी झोपली की ताप बघायची. आत्या एकट्या बसने जाणार म्हटल्यावर मी काय काय विचारून घेतलं असेल याची कल्पना करा. दुपारची हृदयाची गोळी सोबत घेतलीत? जाड बूट? त्यांनी हात जोडले. “पोरी, ऐक. बसमध्ये बसले की एक रिंग. उतरले की एक. ओटीलियेच्या दारात पोचले की एक. झालं समाधान? पण मला बसमध्ये फोन करू नकोस. अख्खी बस कान टवकारून ऐकते.”

सकाळी हिनेकने लाकडं फोडायला घेतली. आमच्याकडे शनिवारी सकाळी प्रत्येक घरात एक करवत नाहीतर एक गवत कापायचं यंत्र चालू असतं. त्या आवाजात कुणी कुणाचं ऐकत नाही, ऐकायची अपेक्षाही नसते. बसची वेळ होऊन गेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन एकदा वाजला. आत्या.

“चढल्या!” मी खिडकीतून ओरडले.

हिनेकने करवत थांबवली. “काय?”

“आत्या चढल्या!”

“उत्तम!” करवत पुन्हा सुरू.

दुसरी रिंग जरा लवकरच आली. मी घड्याळाकडे पाहिलं. पाणी प्यायला आलेला हिनेक म्हणाला, “ड्रायव्हर तरुण असेल. उडवत नेली असणार.” मलाही ते पटलं. तिसरी रिंग आली तेव्हा मी आत आलुबुखार भरून पिठाचे गोळे वळत होते. पिठाचा हात फोनला लावलाच नाही. “पोचल्या हो दारात,” मी मादलेन्काला सांगितलं, आणि खरं सांगते, खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. आयुष्यात कुणाची काळजी इतकी शिस्तीत, टप्प्याटप्प्याने मिटलेली मला आठवत नाही.

मग आणखी एक रिंग आली.

“ही कशाची?” मी हिनेकला विचारलं. “ठरलेल्या तर संपल्या.”

“बदक ओव्हनमधून निघालं.”

आणखी एक आली.

“ही?”

“बदक पानात पडलं. तंगडी तिला मिळाली.”

मी हसले, पण फोनकडे बघत राहिले. “ही जरा रागावलेली वाटली नाही तुला?”

“रिंगला राग कुठला, योलाना? तार शाबूत आहे एवढंच कळतं त्यातून.” तो माझ्या गालाला भुशाचा हात लावून बाहेर गेला. मी उलटा फोन करायला हात पुढे केलाही होता. मग आत्यांचा चेहरा आठवला, टेबलाभोवतीच्या म्हाताऱ्या मैत्रिणी आठवल्या, ‘श्रीमंतांची सून’ आठवलं. हात मागे घेतला आणि गोळे उकळत्या पाण्यात सोडले.

बाराच्या थोडं आधी अंब्रोझकाका जेवायला आले. शनिवारी ते आमच्याकडेच जेवतात. गोळ्यांवर पातळ केलेलं लोणी, वर किसलेलं कोरडं चीज आणि साखर. काका खायला लागले की खाल्लेल्या गोळ्यांच्या बिया ताटाच्या कडेला रांगेने मांडत जातात, म्हणजे हिनेकपेक्षा किती जास्त खाल्ले ते दिसतं.

“काका, घंटा?” मी आठवण केली.

“आहे अजून वेळ. एवढा एक संपवतो.”

“आत्यांना कळलं ना…”

“ती तिकडे बदक चावतेय. तिला काय कळतंय!” काका खुशीत होते. “आज मी वाजवतो बघ कशी. गावाला कळेल की पुरुष वाजवतोय.”

बाहेर एकेक करवत बंद पडत गेली. शेवटचं गवताचं यंत्र खोकून थांबलं. जेवणाच्या वेळची ती शांतता आमच्या गावात पांघरूण घातल्यासारखी उतरते. आणि त्या शांततेत टेकडीवरून घंटा वाजली. हळू, सारख्या ठोक्यांची, रोजच्यासारखी.

काकांनी चमचा वर केला. “वाजले बारा,” ते समाधानाने म्हणाले आणि पुढचा गोळा कापला.

हिनेकनेही कापला. मी मादलेन्काच्या तोंडात गाजराचा घास घातला. घंटा वाजत राहिली. काकांनी बी काढून ताटाच्या कडेला ठेवली, आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

“अरे,” ते म्हणाले. “मी तर इथे आहे.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काकांनी जाकिटाचा खिसा चाचपला. “चावी तर ही.”

“दुसरी?” हिनेकने विचारलं.

“दुसरी ब्लाझेनाकडे.”

“आणि आत्या?”

“ब्लाझेना यिहलावाला,” काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा लोण्यासारखा पिवळा झाला.

मी गाजराच्या हातानेच फोन उचलला आणि आत्यांना लावला. टेकडीवरची घंटा थांबली. पलीकडे पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“आत्ता सुचलं?” आत्या म्हणाल्या.

“आत्या! कुठे आहात तुम्ही?”

“घंटेपाशी! अजून कुठे असणार? शिडी खाली पडलीय, मी वर आहे, आणि सकाळपासून तुम्ही मला फोन का करत नाही?”

“तुम्हीच म्हणालात ना, बसमध्ये फोन करू नका!”

“पण मी बसमध्ये आहे का?”

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “योलाना, पाय बधिर झालेत गं. शेजारीच ते भोक आहे, शिडीचं. मी त्याच्याकडे बघतच नाहीये. गोळीही घरी ओट्यावरच राहिलीय. तुम्ही या आता.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, अरुंद फळीवर, उघड्या भोकाच्या काठाशी, दुपारची गोळी घरातल्या ओट्यावर. आणि मी सकाळभर तिला बसमधून उतरवत होते, दारात पोचवत होते, बदकाची तंगडी वाढत होते. मी म्हटलं, “आत्या, बोलत राहा. ठेवू नका.”

“पैसे…”

“पैसे माझे जातायत, आत्या! मी लावलाय!”

“मग ठीक,” त्या म्हणाल्या, आणि बोलत राहिल्या.

आम्ही धावलो. हिनेक पुढे, मी मादलेन्काला कडेवर आणि फोन कानाला लावून, मागे काका, गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच. वाटेत आत्यांनी मला सगळं सांगितलं. सकाळी बसला जायच्या आधी त्यांना राहवलं नाही. अंब्रोझ दोर ओढणार म्हणजे वरची गाठ एकदा बघायलाच हवी. पर्स हातात तशीच घेऊन त्या वर चढल्या आणि पायाने शिडीच ढकलली गेली. त्यांनी ओरडून पाहिलं, पण गावभर करवती चालू. फोनमध्ये पैसे अगदीच थोडे उरले होते, ते डॉक्टरसाठी राखून ठेवलेले. म्हणून एकेक रिंग देत बसल्या. आमची पोरं हुशार आहेत, उलटा फोन करतील.

“मग घंटा का नाही वाजवलीत?” मी धापा टाकत विचारलं. “हातात तर होती!”

“सकाळी? अवेळी? वेडी आहेस का? अवेळी घंटा म्हणजे आग. अग्निशमन दलाची सगळी पोरं पंप घेऊन आली असती आणि मला इस्त्रीच्या स्कर्टसकट भिजवून काढलं असतं. मला कुठे आग लागली होती? बाराला वाजवणं माझं कामच आहे. बारा वाजले, वाजवली.”

चॅपलचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत थंड होतं आणि मेणाचा वास होता. शिडी आडवी पडली होती आणि वर काळ्या चौकोनात आत्यांचा चेहरा दिसत होता, लालबुंद, रुमाल एका कानावर सरकलेला. हिनेकने शिडी लावली. काका धावत येऊन ती धरायला वाकले.

“अंब्रोझ, डोळे मीट,” वरून हुकूम आला.

“आँ?”

“मी स्कर्ट घातलाय. डोळे मीट.”

“मिटले तर शिडी कशी धरू?”

“हातांनी! डोळ्यांनी कधी धरत होतास?”

काकांनी डोळे मिटले. हिनेक वर चढला, आत्यांचे पाय एकेक करून पायरीवर ठेवत त्यांना खाली घेऊन आला. मी खाली उभी राहून प्रत्येक पायरीला श्वास रोखत होते आणि मादलेन्का माझा कान ओढत होती. आत्यांचे बूट जमिनीला लागले तेव्हा काकांनी डोळे उघडले. ते भरून आले होते. मिटल्यामुळे असेल.

“ब्लाझेना,” ते म्हणाले, “मी घाबरलो गं.”

“घाबरलास म्हणून जेवण अर्धं सोडून आलास? किती खाल्ले होतेस?”

“सात.”

“मग घाबरला नव्हतास,” आत्या म्हणाल्या. पण त्यांनी काकांच्या गळ्यातला रुमाल काढून नीट घडी करून काकांच्याच खिशात ठेवला आणि चॅपलच्या पायरीवर बसेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. पायरीवर मी त्यांचे पाय चोळले. हिनेक गोळी आणायला पळाला. पर्समधला केकचा डबा उघडून बघितला तर केक अर्धाच उरला होता.

“भूक लागली होती,” आत्या म्हणाल्या. “वरच्या पारव्यांनाही दिला थोडा. माझ्यासारखेच अडकलेले वाटत होते.”

“त्यांना पंख आहेत, आत्या,” मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आता का रडतेस? मी खाली आले.”

“तुम्ही सांगितलं होतंत. अवेळी वाजलं तर उठून बघायला ये म्हणून.”

“सांगितलं होतं. तू हसलीस.” मग मादलेन्काला माझ्याकडून घेऊन त्यांनी तिच्या टोपीचा बंद सैल केला. “असू दे. रिंग ऐकून तुला बरं वाटत होतं ना? तेवढंच चुकतं माणसाचं. बरं वाटलं की उठत नाही.”

दुपारी आम्ही सगळे गाडीत बसून यिहलावाला गेलो, अर्धा केक मांडीवर घेऊन. ओटीलियेबाईंनी दार उघडलं आणि त्या पहिलं वाक्य बोलल्या, “ब्लाझेना, पोचलीस की रिंग देणार होतीस ना?” हिनेक इतका हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली. बदकाची तंगडी आत्यांसाठी राखून ठेवलेली होतीच.

अंब्रोझकाकांनी त्या दिवसापासून मोटरचा विषय काढलेला नाही. शिडी मात्र त्यांनी वर लोखंडी आकडे ठोकून पक्की करून घेतली, आणि आता रोज बाराला ते खाली उभे असतात, शिडी धरायला. शिडीवर कुणी नसतं. आत्या खालूनच दोर ओढतात. पण काका धरतात.

माझी नोंद पूर्ण झाली. हिनेकचं मीटर आणि आत्यांची घंटा, दोन्ही त्यात आहेत. तार तपासायला त्या टोकाला माणूस लागतो, हे वाक्य मात्र संपादकांनी काढून टाकलं. कोशाला ते अवांतर वाटलं.

कोंबड्यांची रिंग अजून रोज येते. मी अजूनही उचलत नाही. तेवढी शिस्त मी शिकले आहे. फक्त ती आली की मी उलटा फोन करते, आणि आत्या दरवेळी म्हणतात, “आता काय?” आणि मग बराच वेळ बोलतात, कारण पैसे माझे जातात.

हे लिहीत असताना टेबलावर फोन एकदा वाजून थांबला. आत्यांचाच. त्यांच्या कोंबड्या अजून अंगणात हिंडत असणार, ऊन उतरलेलं नाही. कदाचित चुकून बोट लागलं असेल, कदाचित नातीला बघायची लहर आली असेल. उलटा फोन लावून पाहिला, उचलत नाहीत. मी मादलेन्काच्या पायात बूट घालतेय आणि वर निघतेय. तुमचंही असेल कुणीतरी, ज्यांची खूण रोज वेळेवर येते म्हणून तुम्ही निर्धास्त असता. हे खाली ठेवा आणि जरा जाऊन त्यांना बघून या.